धुरीकाकांचे गुडघे

मोहन धुरी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे तो बजेटचा नसायचा, तारखांचाही नसायचा. समोरचं जोडपं खुर्चीत नीट टेकायच्या आत ते विचारायचे, "गुडघे कसे आहेत?"

लोक चक्रावायचे. युरोपातल्या नदीवरून आठ दिवस बोटीने फिरायचं मनात घेऊन माणूस ट्रॅव्हल एजन्सीत येतो, आणि टेबलापलीकडचा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला, पन्नाशी उलटलेला गृहस्थ डॉक्टरसारखी चौकशी करतो. काही पुरुष तर चिडायचे. धुरीकाका शांतपणे पुढे सांगायचे, "बोट फक्त जेवायला आणि झोपायला, साहेब. रोज सकाळी खाली उतरायचं आणि तीन तास दगडी गल्ल्यांतून चालायचं. ते दगड बसवणाऱ्यांनी आपल्या गुडघ्यांचा विचार केलेला नाही."

त्यांच्या या प्रश्नाचा मी पुढे काय उपयोग केला, ते सांगायला मी हे लिहायला बसले आहे. सांगायला फार उशीर झाला आहे. ज्यांना सांगायचं होतं त्यांना तर ते आधीपासूनच ठाऊक होतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन साताऱ्याहून दुबईला आले. अल मनखूलमध्ये एका बेडरूमचा फ्लॅट, नवरा पहाटे साइटवर जाणार तो संध्याकाळी धुळीने माखून येणार. सहा महिने घरात बसून भिंती पाठ झाल्यावर मी जवळच्याच एका ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी धरली. खाली विमान तिकिटांचा काउंटर होता, आणि सोळा पायऱ्या चढून गेलं की पोटमाळ्यावर सहलींचा विभाग. मॅनेजर कुरियन सर केरळचे, भला माणूस. सहलींच्या विभागात दोनच टेबलं होती, एक धुरीकाकांचं आणि त्याला लागून माझं.

काका वेंगुर्ल्याकडचे. बायको-मुलं गावी, आणि हे दुबईतल्याच सतव्याला चौघांत एक खोली करून राहत. एजन्सीत सगळ्या देशांच्या सहली विकायचे, पण त्यांचा जीव अडकलेला होता तो नदीवरच्या क्रूझमध्ये. ती विकायची त्यांची रीतही उलटी होती. जगातले सगळे विक्रेते आधी गोड बोलतात. काका आधी सगळं वाईट सांगून टाकायचे.

"पोहायचा हौद नाही. जुगार नाही. नाचगाणी म्हणाल तर एक म्हातारा पियानो वाजवतो. बोटीवर सगळे पांढऱ्या केसांचे, मी तिथे तरुण दिसेन. जेवण सात वाजता म्हणजे सातला. शाकाहारी असाल तर चीज आणि बटाटे, बटाटे आणि चीज. तिसऱ्या दिवशी तुम्हाला लसणीच्या चटणीची आठवण येणार, तर छोटी बाटली न्या, पण केबिनमध्ये उघडू नका, शेजारचे तक्रार करतात. काही पूल इतके खाली असतात की वरचा डेक बंद करतात. पाऊस कमी झाला तर नदीला पाणी कमी, मग बोट अडकते आणि तुम्हाला बसने फिरवतात. आणि धक्क्याला बोटी एकीला एक चिकटून उभ्या राहतात. सकाळी पडदा उघडाल तर समोर नदी नाही, दुसऱ्या बोटीतला जर्मन दात घासताना दिसेल."

एवढं ऐकून जो माणूस खुर्चीतून उठत नसे, त्याला काका मागच्या खोलीत नेत.

त्या खोलीत गालिच्यावर तपकिरी चिकटपट्टीने एक चौकोन आखलेला होता. खालच्या डेकवरची केबिन, अगदी मापात. त्यात दोन पलंगांच्या जागा, बाथरूमची जागा, कपाटाची जागा, सगळं पट्टीने दाखवलेलं. नवरा-बायकोला त्या चौकोनात उभं करायचं आणि फर्मान सोडायचं, "साहेब, तुम्ही बॅग उघडताय. वहिनी, तुम्हाला बाथरूमला जायचंय. यल्ला, चला!"

मी त्या चौकोनात संसार बघितले. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यातले शेवडे नावाचे एक इंजिनियर बायको-मुलीला घेऊन आले होते, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. पट्टीच्या आत दोन मिनिटांत त्यांचं सुरू झालं.

"तू आधी सरक."

"मी कुठे सरकू? इथे पलंग आहे!"

"पलंग नाहीये, पट्टी आहे ती."

"तुमचं आयुष्यभर हेच. मला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही."

मुलगी दाराला टेकून च्युइंगम चघळत होती. ती म्हणाली, "बाबा, प्लीज, इट्स अ फ्लोटिंग ओल्ड-एज होम. आय अ‍ॅम नॉट कमिंग."

काका गंभीरपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वित्झर्लंडची बसची सहल घ्या. हॉटेलच्या खोल्या मोठ्या असतात." आणि त्यांनी खरंच त्यांना बसची सहल विकली. कुरियन सरांनी डोक्याला हात लावला. "धुरी, आदमी पैसा लेके आया था, तुमने भगाया!" काका म्हणाले, "सर, आठ दिन में डिवोर्स हो जाता. फिर अपना नाम आता." पुढच्या वर्षी त्याच शेवड्यांनी आपल्या ऑफिसातली तीन जोडपी काकांकडे पाठवली.

एवढं सगळं सांगणारा माणूस कधी युरोपात गेला नव्हता. विमानाने दुबई आणि मुंबई, यापलीकडे काही पाहिलं नव्हतं त्यांनी. जे काही माहीत होतं ते परत आलेल्या गिऱ्हाइकांनी सांगितलेलं. सहल विकताना त्यांची एकच अट असे, परत आल्यावर एकदा येऊन चहा प्यायचा. लोक यायचे, फोटो दाखवायचे, आणि काका निळ्या शाईने वहीत लिहून घ्यायचे. सूप कशात देतात, नळाचं पाणी प्यायचं का, केबिनमध्ये इंजिनाचा आवाज कुठल्या बाजूला येतो. गिऱ्हाइकांना वाटे हा माणूस दर वर्षी जाऊन येतो. काका ते खोडून काढत. "मी गेलेलो नाही. गेलेल्यांना विचारलंय," असं स्वच्छ सांगत.

त्यांना सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते लॉकचं. नदीवर जिथे बंधारा असतो तिथे बोटीला वर चढवायला एक लांबलचक हौद बांधलेला असतो. बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरत जातं आणि बोट वर येते. मग पुढचं दार उघडून ती वरच्या नदीत निघून जाते. एका गिऱ्हाइकाने त्यांना सांगितलं होतं की तेव्हा लिफ्टमध्ये बसल्यासारखं पोटात गोळा येतो, आणि काका सगळ्यांना तसंच सांगायचे. पण स्वतःचं समाधान झालं नव्हतं. त्यांचे वडील गावच्या खाडीत माणसं पार करायची होडी चालवायचे. होडीच्या तळाशी बसून लहानपण गेलेल्या माणसाला पाणी काय करतं ते पोटात कळतं. "लिफ्ट म्हणतो तो. पण पाणी असं झटक्याने उचलत नाही गो," मला म्हणायचे. "एकदा स्वतः उभं राहून बघायला हवं."

ते स्वतःच्या खर्चाने जाणं शक्य नव्हतं. पैसे तर नव्हतेच, आणि असते तरी सतव्याच्या खोलीत एक खाट असलेल्या माणसाला कुठल्या वकिलातीने व्हिसा दिला असता? कंपनीने पाठवलं तरच. आणि एका वर्षी तशी संधी आली. क्रूझवाल्या कंपनीने आमच्या एजन्सीला एक जागा फुकट देऊ केली. माणसाने जाऊन बघावं, म्हणजे चांगलं विकेल. बुडापेस्टपासून पासाऊपर्यंत, डॅन्यूब नदीवरून आठ दिवस.

कुरियन सरांनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. काका त्या दिवशी बँकेत गेले होते. सर म्हणाले, "एक सीट फ्री में मिला है. धुरी सीनियर है, उसको ही भेजना चाहिए. लेकिन बहुत वॉकिंग है बोलते हैं. तुम साथ बैठती हो, तुमको क्या लगता है? वो कर पाएगा?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते. पण त्या क्षणी मला तो नकाशा दिसला, सरांच्या टेबलावर पसरलेला, निळी नदी आणि तिच्यावर ठिपक्यांसारखी गावं. मी तीस वर्षांचीही नव्हते. लग्नानंतर साइटवरचे टिफिन आणि शुक्रवारचं किराणा सामान याशिवाय काही बघितलं नव्हतं. आणि आठवडाभरापूर्वी काका जिन्यात मधेच थांबून खाली वाकलेले मी पाहिले होते. चपलेचा पट्टा निघाला होता, तो लावायला ते वाकले होते. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "सर, उनके घुटने… सीढ़ी पे रुकना पड़ता है आजकल."

"अरे. उसने तो कुछ बोला नहीं."

"वो बोलेंगे नहीं, सर."

हे शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट होतं, कारण ते खरं होतं. काका स्वतःविषयी कधीच काही बोलत नसत, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

माझं नाव जाहीर झालं तेव्हा काकांचा चेहरा किंचित उतरला. मी बघत होते म्हणून मला दिसला. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "छान झालं. तरुण माणसाने बघितलेलं जास्त दिवस कामाला येतं." जाण्याआधी आठवडाभर त्यांनी माझी तयारी करून घेतली. कुठल्या बाजूची केबिन मागायची, बूट कसे घ्यायचे, दगडांवर टाच घसरते म्हणून काय करायचं. ऐन निघायच्या दिवशी घरी येऊन लसणीच्या चटणीची छोटी बाटली देऊन गेले. कोणाकडून तरी गावाहून आलेली, स्वतःसाठी ठेवलेली. "आणि लॉकला झोपून राहू नको हां. बाहेर उभी राहा."

मी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी बोट त्या सिमेंटच्या हौदात शिरली. दोन्ही बाजूंना काळ्या ओल्या भिंती, इतक्या उंच की आकाश पट्टीएवढं उरलं. मागचं दार लागलं. मी पोटात गोळा यायची वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. बोट हलली असं वाटलंच नाही. फक्त शेजारची भिंत हळूहळू खाली जायला लागली. भिंतीवरची शिडी, तिच्यावरचे आकडे, शेवाळ, सगळं एकेक करून पाण्यात बुडत गेलं, आणि पंधरा मिनिटांनी एकदम ऊन अंगावर आलं, गवत दिसलं, सायकलवरून जाणारी एक बाई दिसली. शेजारच्या म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मला रडू आलं. हे बघायला ज्या माणसाने दहा वर्षं वही भरली होती, त्याच्या जागेवर मी उभी होते. मी ती जागा चोरली होती, याला दुसरा शब्द नाही. त्यानंतर सहलीत माझं मन लागलं नाही, आणि चटणीची बाटली मी न उघडताच परत आणली.

परत आल्यावर इतर गिऱ्हाइकांसारखंच काकांनी मला समोर बसवलं, चहा मागवला, वही उघडली.

"लॉक," ते म्हणाले. बाकी काही विचारलंच नाही आधी.

मी सांगितलं. पोटात काही होत नाही, बोट हललेली कळतही नाही, भिंत खाली जाते. त्यांचं पेन थांबलं. मग ते इतके खूश झाले की खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे भरती गो ती! भरतीला होडी चढताना कळते काय? धक्का खाली गेलेला दिसतो फक्त. मी म्हणत नव्हतो? पंधरा मिनिटांत भरती!" त्यांनी वहीतली लिफ्टची ओळ पट्टी लावून खोडली आणि खाली ठळक लिहिलं, भिंत खाली जाते. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायला लागले, "पोटात काही होत नाही. भिंत खाली जाते. आमच्या वैशाली मॅडम स्वतः उभ्या राहून बघून आल्यात." माझ्याकडे हात करून अभिमानाने सांगायचे, आणि मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसायची.

महिन्याभराने कुरियन सर पोटमाळ्यावर आले. माझ्यादेखत, अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "धुरी, अब घुटने कैसे हैं? सॉरी हां, तुमको भेजना था, लेकिन तुम्हारे घुटने का सुना तो रिस्क नहीं लिया."

काकांनी सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार तर एक सेकंद. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहायला बसले नसते, तेव्हाच रडून मोकळी झाले असते. राग नव्हता. एखादी गोष्ट वहीत नोंदवून घ्यावी तसं त्यांनी मला पाहिलं, आणि सरांना म्हणाले, "थोडा रहता है सर. उमर है."

"तो फिर ये सीढ़ी क्यों चढ़ते हो, हबीबी? नीचे काउंटर पे बैठो. क्रूझ वैशाली देख लेगी, अब तो वो एक्सपर्ट है."

सर दयाळूपणाने बोलत होते. एक वाक्य पुरलं असतं. काका म्हणू शकले असते की माझे गुडघे ठणठणीत आहेत, कोणी सांगितलं तुम्हाला? कोणी सांगितलं ते सरांनी तिथेच सांगितलं असतं. मीही म्हणू शकले असते. मी स्टेपलरमध्ये पिना भरत राहिले.

पुढच्या आठवड्यात काका खाली बसले, मुंबई आणि कोचीची तिकिटं काढायला. जाताना त्यांनी मला मागच्या खोलीची किल्ली दिली. "पट्टी सहा महिन्यांनी बदल. गालिच्याची धूळ बसली की निघते." तेवढंच.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून झेपत नाही. सर आसपास असले की ते थोडेसे लंगडायला लागले. फार नाही. खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावायचे. वर काही कागद द्यायला आले तर कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढायचे. सर नसले की त्याच पायऱ्या तरातरा. माझं खोटं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं आणि वर्षानुवर्षं नीट सांभाळलं. एकदा डाव्या पायाने लंगडत होते ते विसरून उजव्या पायाने लंगडले. सर म्हणाले, "दूसरा भी गया?" काका म्हणाले, "हाँ सर, इन्शाल्ला ठीक हो जाएगा." खाली सगळे हसले. मी वर पोटमाळ्यावर तोंडात पदर कोंबून बसले होते, आणि ते हसू नव्हतं.

एकदाच मी धीर केला. दुपारी काउंटर रिकामा होता, मी खाली उतरून त्यांच्यासमोर बसले. "काका, तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ते तुमच्या गुडघ्यांचं…"

"ते राहू दे गो," ते म्हणाले. खणातून वही काढली. खाली आल्यावरही वही त्यांच्यापाशीच होती. "मला सांग, त्या भिंतीवर शेवाळ होतं म्हणालीस. कुठवर होतं? अर्ध्यापर्यंत की वरपर्यंत?"

"अर्ध्याच्या थोडं वर."

"हिरवं की काळपट?"

"खाली काळपट. वर हिरवं."

त्यांनी लिहून घेतलं. मग दार उघडून एक गिऱ्हाईक आलं, आणि मी जिना चढून वर गेले.

क्रूझवाल्यांनी पुढे फुकट जागा देणं बंद केलं. मी अधूनमधून सरांकडे विषय काढायची, एखादी जागा मागून बघू, धुरीकाकांसाठी. सर दरवेळी म्हणायचे, "उसके घुटने का क्या?" माझंच वाक्य मला परत मिळायचं.

दोन हजार सालानंतर काका साठीला आले, व्हिसा संपला, खलास. दुपारचं मुंबईचं विमान होतं. कुरियन सर स्वतःच्या गाडीने त्यांना विमानतळावर घेऊन आले, मीही सोबत होते. सामान म्हणजे एक बॅग आणि दोरी बांधलेलं खोकं. सरांनी कोणाला न सांगता तिकिटावर व्हीलचेअर मागवून ठेवली होती. विमान कंपनीचा माणूस ती ढकलत आला तेव्हा काका क्षणभर थबकले. सर म्हणाले, "बैठो, बैठो. इतना तो हम कर सकते हैं." सरांचे डोळे ओले झाले होते.

काका बसले. खोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "पट्टी बदललीस?"

"बदलली काका."

"शाब्बास." आणि सरांना हात जोडले.

सरांचा फोन वाजला, पार्किंगमध्ये गाडी कोणाच्या तरी आडवी लागली होती. ते घाईने बाहेर गेले. मी काचेपाशी उभी राहिले. पासपोर्टची खिडकी ओलांडून पलीकडे गेल्यावर काकांनी मागे वळून पाहिलं. काचेपाशी मी एकटीच आहे हे त्यांना दिसलं. मग ते त्या माणसाला काहीतरी म्हणाले आणि उठले. मांडीवरचं खोकं त्यांनी व्हीलचेअरवर ठेवलं, त्यावर बॅग ठेवली, दांडा स्वतःच्या हातात घेतला आणि चालू लागले. ताठ, झपझप. तो विमान कंपनीचा तरुण माणूस त्यांच्या मागे जवळजवळ पळत होता. लांब सरळ वाट होती ती, आणि शेवटपर्यंत त्यांचा पाय कुठे अडखळला नाही.

सर धापा टाकत परत आले. "गया? चेअर में ठीक से ले गया ना? चलने तो नहीं दिया?"

"नहीं सर," मी म्हटलं. "बैठ के गए."